जमीन किती सरकली हे पाच मिनिटांत कळावे म्हणून: किनाऱ्यावरच्या जीएनएसएस केंद्राची उभारणी आणि हिशेब

११ मार्च २०११, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे. जपानच्या तोहोकू किनाऱ्यासमोर समुद्रतळ फाटला आणि २:४९ ला, म्हणजे तीनच मिनिटांत, तिथल्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला. इशारा वेळेत आला, आकडा चुकला. मॅग्निट्यूड ७.९ धरून मियागीला ६ मीटर आणि इवाते व फुकुशिमाला ३ मीटर लाट सांगितली गेली. भूकंप ९.० चा होता. त्यात मोकळी झालेली ऊर्जा पहिल्या अंदाजाच्या सुमारे ४५ पट होती. कामाइशीसमोर सुमारे १८ किमी आत तरंगणाऱ्या जीपीएस बोयाने पाणी ६.७ मीटर चढल्याचे दाखवले, तेव्हा ३:१४ ला इशारा वाढवण्यात आला. अठ्ठावीस मिनिटे गेली होती. '३ मीटर' ऐकून किनाऱ्यावरच्या समुद्रभिंतीच्या भरवशावर थांबलेल्या माणसाला त्यानंतर डोंगर गाठायला वेळ उरला नव्हता.

त्याच वेळी ओशिका द्वीपकल्पावरचे जीएनएसएस केंद्र, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणारे केंद्र, आग्नेयेकडे ५.३ मीटर सरकले आणि १.२ मीटर खचले. अशी १२०० हून अधिक केंद्रे जपानने साधारण २०-२० किमीवर लावलेली होती. जमीन मीटरांनी हलली आहे हे त्यांच्या नोंदीत उतरले होते. त्या नोंदीवरून लगेच मॅग्निट्यूड काढून इशारा देणाऱ्याच्या टेबलावर ठेवणारी साखळी मात्र तेव्हा चालू नव्हती. ती साखळी कशी जोडायची, तेच इथे सांगितले आहे.

भूकंपमापक कुठे अडखळतो

जवळच्या मोठ्या भूकंपात संवेदनशील भूकंपमापकाचा काटा टोकाला जाऊन बसतो. जोरदार हादऱ्यांसाठीचा त्वरणमापक तसा बसत नाही, पण त्वरणावरून विस्थापन काढायला दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करावे लागते. यंत्र अंशाच्या शंभराव्या भागाने जरी कलले तरी ती चूक दोन संकलनांत फुगत जाते, आणि मिनिटाभरात आलेख खोटेच काही मीटर दाखवू लागतो. भूकंपलाटेच्या उंचीवरून झटपट काढलेले मॅग्निट्यूडही ८ च्या आसपास थबकते, कारण महाभूकंपाची जादा ताकद फार मंद हालचालीत असते.

जीएनएसएस थेट जागा मोजते. अँटेना आधी कुठे होता आणि आता कुठे आहे, एवढेच. ५ सेंमी असो की ५ मीटर, आलेख कुठेच टेकत नाही. त्याचे दोष वेगळे आहेत. एक-दोन सेंटिमीटरांखालचे त्याला दिसत नाही, आणि पहिली हलकी पी-लाट तर अजिबातच नाही. म्हणून भूकंप कुठे झाला हे भूकंपमापकाने सांगावे आणि केवढा झाला हे जीएनएसएसने. एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रश्नच नाही.

किल्लारीसारख्या भूकंपात ही पद्धत जीव वाचवणार नाही, हेही आधीच सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप गावांच्या थेट पायाखाली झाला. तिथे नासधूस काही सेकंदांत आटोपते. जीएनएसएसचा खरा उपयोग ७.५ च्या वरच्या समुद्री भूकंपांत होतो, जिथे हादरा आणि लाट यांच्यामध्ये निदान दहा-पंधरा मिनिटे मिळतात.

केंद्र कुठे

फाट्यापासून, म्हणजे जिथे कवच फुटून सरकते त्या भेगेपासून, १०० ते ३०० किमीच्या आत. रत्नागिरीला उत्तम केंद्र उभारून मकरानच्या भूकंपाची वाट पाहण्यात अर्थ नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, हे खरे. पण तसाच ८.१ चा भूकंप पुन्हा झाला तर सुमारे १३५० किमी दूरच्या रत्नागिरीत जमिनीचे विस्थापन ३-४ सेंमीच भरेल, आणि ते मोजणीतल्या गोंगाटात हरवेल. कोकणासाठीची केंद्रे मकरानच्याच किनाऱ्यावर हवीत. अंदमान-निकोबारची गोष्ट वेगळी आहे. तिथली बेटे फाट्याच्या डोक्यावरच बसलेली आहेत. २००४ मध्ये इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खचला आणि दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. म्हणूनच त्सुनामीचा इशारा देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने या बेटांवर जीएनएसएस आणि त्वरणमापक जोडीने बसवण्याचे काम हाती घेतले.

जागा पाहायला जाताना कोनमापक न्या. १० अंशांच्या वरचे आकाश चहूकडे मोकळे हवे. अडथळा अँटेनापेक्षा जितका उंच, त्याच्या ५.७ पट अंतर लागते, म्हणजे १० मीटर उंच माडासाठी ५७ मीटर. आज ठेंगणा दिसणारा माड पाच वर्षांनी झावळ्या पसरेल, तोही हिशेबात धरा. जेटी, बंदराची भिंत आणि भराव टाळा, कारण भराव हादऱ्यात स्वतःच बसतो आणि ती घसरण तुम्ही भूकंपाच्या खात्यात लिहाल. मोबाइल टॉवरच्या लोखंडी सांगाड्यावर अँटेना बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो सांगाडा सेकंदाला दोन-तीन वेळा झुलतो, तुम्ही सेकंदाला एकदा मोजता, आणि त्या झुलण्यातून आलेखात एक खोटी मंद लाट तयार होते. इमारतच वापरायची तर एकमजली आरसीसी निवडा आणि खांब खालच्या कॉलमच्या बरोबर वर घ्या.

खांब

सगळ्यात जास्त कसूर इथेच होते, आणि ती भरून काढणारे सॉफ्टवेअर नाही.

पाया अखंड खडकापर्यंत न्या. जांभ्याच्या वरच्या थरावर थांबू नका, पावसाळ्यात तो पाणी पिऊन हलतो. खडकात किमान अर्धा मीटर भोके पाडून १२ मिमीच्या सळ्या इपॉक्सीने बसवा आणि त्यांवर ४० सेंमी व्यासाचा, जमिनीपासून दीड मीटर उंच काँक्रीटचा खांब ओता. माथ्यावर पाच-अष्टमांश इंच आट्यांचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट ओळंब्यात बसवा. समुद्राकाठी ३१६ दर्जाचेच स्टील घ्या, ३०४ दोन पावसाळ्यांत डागाळते. खांबाभोवती दोन बोटांची हवा सोडून पीव्हीसीचा मोठा पाइप चढवा. तो नसेल तर सकाळी पूर्वेची बाजू तापते, खांब काही मिलिमीटर कलतो आणि संध्याकाळी उलटा येतो.

अँटेना चोक-रिंग जातीचा घ्या. जमिनीवरून किंवा पत्र्यावरून उडून आलेले सिग्नल तो बऱ्यापैकी अडवतो. अँटेनावरची उत्तरखूण खऱ्या उत्तरेच्या ५ अंशांत ठेवा आणि उंची मिलिमीटरपर्यंत मोजून लिहा. गच्चीवरचे केंद्र असेल तर पाणी साचू देऊ नका. ओल्या आणि कोरड्या गच्चीवरून परावर्तन वेगळे येते, आणि पहिल्या पावसानंतर आलेख विनाकारण दोन सेंटिमीटर वरखाली होतो.

केबल ३० मीटरांच्या आत ठेवा. जाड, कमी गळतीच्या केबलमध्येही एवढ्या लांबीला सुमारे ५ डेसिबल जातात. कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबरी टेप दोन थर ताणून गुंडाळा. आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. वर्षभराने टेप सोडून पाहिल्यावर मधल्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर खारे पाणी शिरले आहे. पुसू नका, कनेक्टर कापून नवा लावा. अशा केंद्रात आधी सिग्नलची ताकद हळूहळू उतरते आणि मग क्षितिजाजवळचे उपग्रह एकेक करून गळतात. म्हणून ताकदीचा आकडा दर आठवड्याला नोंदवलेला असावा.

वीज आणि वाट

हादऱ्याबरोबर पहिली जाते ती वीज. रिसीव्हर ४ वॅट, मोडेम ५ आणि त्वरणमापक ३ धरले की १२ वॅट होतात. दिवसाला २८८ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला २४ अँपिअर-तास. पाच दिवस ऊन नाही असे धरले तर १२०. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून २४० अँपिअर-तास लागतील. पावसाळ्यात कामाचे ऊन दोन तास आणि ३० टक्के गळती धरून २०० ते २५० वॅटचे पॅनेल पुरते. उन्हाळ्यातले ऊन धरून काढलेले पॅनेल जुलैत केंद्र बंद पाडते.

माहिती न्यायला दोन वाटा हव्यात, एक मोबाइलची आणि एक व्हीसॅटची, म्हणजे छोट्या छत्रीवरून उपग्रहामार्फत जाणारी. मोठ्या हादऱ्यानंतर सगळे एकाच वेळी फोन लावतात आणि मोबाइलची वाट तुंबते. व्हीसॅटला मुसळधार पाऊस नडतो. दोन्ही एकाच क्षणी बंद पडण्याची शक्यता मात्र कमी. व्हीसॅट ३० वॅट खातो. त्याला पाच दिवसांची बॅटरी देणे महाग पडते, तेव्हा वेगळी १२० अँपिअर-तासांची द्या. एक दिवस पुरेल, आणि त्सुनामीसाठी तेवढे बस्स.

मोजणीचा प्रवाह आरटीसीएम ३ या प्रमाण सांकेतिक रूपात, सेकंदाला एकदा, एनट्रिप कास्टरकडे, म्हणजे प्रवाह घेऊन पुढे वाटणाऱ्या सर्व्हरकडे पाठवा. जीपीएससाठी १०७७, ग्लोनाससाठी १०८७, गॅलिलिओसाठी १०९७ आणि बायडूसाठी ११२७ हे संदेश सुरू करा. सोबत दर दहा सेकंदांनी केंद्राची जागा सांगणारा १००६ आणि अँटेना-रिसीव्हरची ओळख सांगणारा १०३३ असू द्या. एकूण सेकंदाला किलोबाइटच्या थोडे वर, दिवसाला शंभरेक मेगाबाइट होतात. रिसीव्हरच्या स्वतःच्या कार्डावर ५ किंवा १० हर्ट्झची नोंदही फिरती ठेवा. वाट तुटली तरी नंतर अभ्यासाला तीच कामी येते.

जागा काढताना

शेजारच्या केंद्राच्या तुलनेत जागा काढणारी आरटीके पद्धत इथे धोक्याची आहे, कारण महाभूकंपात शेजारचे केंद्रही सरकते. दोन्ही सारखी सरकली तर उत्तर शून्य येईल. त्याऐवजी पीपीपी वापरा. यात उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळे यांच्या ताज्या दुरुस्त्या घेऊन एकट्या केंद्राची जागा काढली जाते. आयजीएस या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या ताज्या दुरुस्त्या नोंदणी करून विनामूल्य मिळतात, आणि बीएनसी व आरटीकेलिब ही सॉफ्टवेअरही मोकळी आहेत. चांगल्या केंद्रावर आडव्या दिशेत १-२ सेंमी आणि उभ्या दिशेत त्याच्या दोन-तीन पट गोंगाट येतो.

चार गोष्टी हमखास चुकतात. पहिली, सेटिंगमध्ये 'पीपीपी स्टॅटिक' राहते. मग फिल्टर अँटेना हलूच शकत नाही असे धरून चालतो आणि दोन मीटरची उडी तासाभरात पसरवून टाकतो. 'कायनेमॅटिक' हवे. दुसरी, अंतिम उत्तर सावकाश स्थिरावते. चालू केल्यावर वीस-तीस मिनिटे तरी जातात, म्हणून भूकंपानंतर चालू करून उपयोग नाही. गणित बारा महिने चालू राहिले पाहिजे. तिसरी, उपग्रह-घड्याळाच्या दुरुस्त्या अर्ध्या मिनिटापेक्षा जुन्या झाल्या की उत्तर सेंटिमीटरांनी भरकटते. दुरुस्तीचे वय पडद्यावर सतत दिसू द्या. चौथी, काही निगराणी सॉफ्टवेअर अचानकची मोठी उडी 'चूक' म्हणून फेकून देतात. तुम्हाला जी घटना टिपायची आहे तीच कचऱ्यात जाते. ती चाळणी बंद करा किंवा तिची मर्यादा २० मीटरच्या वर न्या.

विस्थापनावरून मॅग्निट्यूड

भूकंपमापकांकडून केंद्रबिंदू आणि वेळ आली की प्रत्येक केंद्रासाठी आधीच्या ६० ते १२० सेकंदांची सरासरी जागा शून्य धरा. तिथून उत्तर, पूर्व आणि वर या तिन्ही दिशांचे वर्ग मिळवून मूळ काढा. त्याची आतापर्यंतची सगळ्यात मोठी किंमत म्हणजे कमाल विस्थापन, 'वि'. ते सेंमीत घ्या. केंद्रापासून भूकंपनाभीचे, म्हणजे जमिनीखालच्या उगमाचे, अंतर 'अं' किमीत. मेल्गर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलेले सूत्र उलटवले की असे होते:

म = (लॉग वि + ४.४३४) ÷ (१.०४७ − ०.१३८ × लॉग अं)

समजा, १५० किमीवरचे केंद्र १०० सेंमी सरकले. लॉग वि २, लॉग अं २.१७६. वर ६.४३४, खाली ०.७४७, उत्तर ८.६. आता तेच १०० सेंमी, पण अंतर १०० किमी धरा. उत्तर ८.३ वर येते. म्हणजे केंद्रबिंदू ५० किमी चुकला तर मॅग्निट्यूड पावणेतीन दशांशांनी हलते. उलट विस्थापनात ५ सेंमीची चूक झाली तर फरक फक्त ०.०३ पडतो. मोठ्या भूकंपात सेंटिमीटरांची फार काळजी करू नका, अंतराची करा.

छोट्या विस्थापनात मात्र हेच सूत्र फसवते. जमीन हललीच नाही, नुसता ३ सेंमी गोंगाट आहे, तरी १५० किमीवर सूत्र ६.६ सांगेल आणि ५०० किमीवर ७.३! शांत दिवशी दूरच्या केंद्रावरून त्सुनामी उठवायला एवढे पुरे आहे. म्हणून तीन अटी कडक ठेवा. पी-लाटेमागून येणारी जोरदार एस-लाट पोचण्याआधी केंद्राचे मत घ्यायचे नाही. सेकंदाला ३ किमी वेग धरला तर १५० किमीवर ५० सेकंद थांबायचे. केंद्राचे विस्थापन त्याच्याच आधीच्या गोंगाटाच्या चौपट तरी असले पाहिजे. आणि अशी किमान चार केंद्रे जुळली पाहिजेत. त्यांचा मध्यक घ्या, सरासरी नको, कारण एक बिघडलेले केंद्र सरासरीला ओढून नेते.

आकडा दर सेकंदाला नवा काढा. फाटा फुटत असताना तो चढत जातो, आणि चढता आकडा ही स्वतःच बातमी आहे. २००४ चा सुमात्रा-अंदमान फाटा सुमारे १३०० किमी फुटला, त्याला आठ ते दहा मिनिटे लागली. पहिल्या मिनिटाचा आकडा अंतिम मानला असता तर पुन्हा तीच चूक झाली असती. त्या दिवशी पहिला आंतरराष्ट्रीय अंदाज ८.० चा होता आणि चेन्नईला लाट पोचायला सुमारे अडीच तास होते.

मॅग्निट्यूडच्या पुढे

११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला. हिंदी महासागरभर इशारे गेले, मोठी लाट आली नाही. जमीन आडवी घासली होती, समुद्रतळ उचलला गेला नव्हता. म्हणून हादरा निवल्यावर, दोन-तीन मिनिटांनी, प्रत्येक केंद्र कायमचे किती आणि कुठे सरकले ते नकाशावर बाणाने दाखवा. सगळे बाण खंदकाकडे (एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथल्या समुद्रातल्या खोल खाचेकडे) वळलेले आणि किनारा खचलेला असेल, तर समुद्रतळ वर आला असण्याची शक्यता दाट आहे. बाण एका रेषेच्या दोन बाजूंना उलटसुलट असतील, तर आडवा फाटा. या बाणांवरून, आधीच ठरवून ठेवलेल्या भूपट्ट-सीमेच्या आकारावर किती घसरण झाली ते उलट गणिताने निघते, आणि त्याला जुळणारा आधीच मोजून ठेवलेला त्सुनामीचा नमुना निवडता येतो. पुढचे अंतर वेगाने भागा, म्हणजे लाट पोचायची वेळ मिळते: ४००० मीटर खोलीत लाट ताशी सुमारे ७१० किमी धावते, ५० मीटरवर आली की ८०.

इथे एक आंधळा कोपरा आहे. २५ ऑक्टोबर २०१० ला मेंतावाई बेटांजवळ मॅग्निट्यूड ७.८ च्या आसपासचा, पण संथ आणि खंदकाजवळ उथळ फुटलेला भूकंप झाला. हादरे सौम्य वाटले, किनाऱ्यावरची केंद्रेही थोडीच सरकली, आणि लाटेने ४०० हून अधिक माणसे नेली. फाटा जमिनीपासून जितका दूर, तितके जमिनीवरचे केंद्र त्याला कमी ओळखते. अशा वेळी समुद्रतळावरचे दाबमापकच खरे. 'जीएनएसएस शांत आहे' या कारणावर इशारा कधीही मागे घेऊ नका.

वरच्या वातावरणाचाही आधार घेता येतो. समुद्र उचलला की त्याचा धक्का आठ-दहा मिनिटांत आयनोस्फिअरपर्यंत जातो, आणि उपग्रह-सिग्नलच्या दोन फ्रिक्वेन्सींच्या फरकातून तो दिसतो. जुलै २०२५ च्या कामचात्कातील ८.८ च्या भूकंपानंतर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या गार्डियन प्रणालीने तो टिपला. जवळच्या किनाऱ्याला त्याचा उपयोग नाही, पण हजारो किमी दूरच्यांना लाट खरोखर निघाली आहे याची खात्री मिळते.

हलवून पाहा

केंद्र सुरू झाले, आलेख सरळ आहे, एवढ्याने ते काम करते असे होत नाही. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी, ही चाचणी घ्या. तिवईवर पट्टी असलेली सरक-फळी बसवा, तिच्यावर तशाच जातीचा दुसरा अँटेना आणि रिसीव्हर लावा, आणि प्रवाह नेहमीच्याच वाटेने, वेगळ्या नावाने पाठवा. तासभर स्थिरावू द्या. मग एका झटक्यात पूर्वेला २० सेंमी सरकवा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा मागे आणा. घड्याळ लावून पाहा की पडद्यावर उडी किती सेकंदांनी दिसली. दोन ते पाच सेकंद ठीक आहेत, दहाच्या पुढे गेले तर वाट तपासा.

उडी १८ ते २२ सेंमीच्या दरम्यान हवी. पाच मिनिटांत ती हळूहळू शून्याकडे झुकत असेल, तर कुठेतरी 'स्टॅटिक' राहिले आहे. परत आणल्यावर आलेख जुन्या रेषेवर न बसता तीन-चार सेंमी वर थांबला, तर सरकवताना सिग्नल तुटून मोजणी नव्याने सुरू झाली होती. केबलचा सांधा हलवून पाहा. त्यानंतर मोबाइलची वाट मुद्दाम काढा आणि व्हीसॅटवर प्रवाह किती वेळात येतो ते मोजा. शेवटी विजेचा मुख्य खटका पाडा आणि केंद्र तसेच सकाळपर्यंत ठेवा.